मागचे ब्रेक

रोदोपी डोंगरातल्या त्या शेवटच्या गावात स्तोइलची जुनी रशियन जीप सगळ्यांच्या ओळखीची होती. वरच्या कुरणातलं गवत तीच खाली आणायची. पण ओढा ओलांडला की मागच्या चाकांच्या ब्रेक-ड्रममध्ये पाणी आणि गाळ शिरायचा, मग उतारावर ब्रेक लागता लागत नसत. मे महिन्यात तर ती एका वळणावर खडकाला घासून कशीबशी थांबली. हे कळताच प्लोव्दिव शहरात गॅरेजात काम करणारा त्याचा मुलगा स्पास तडक घरी आला.

"बाबा, ड्रम काढतो. मागेही पुढच्यासारख्या उघड्या डिस्क बसवू. भिजल्या तरी लगेच कोरड्या होतात."

"तुझ्या जन्माआधीपासून चाललेत ते."

"म्हणून तर आईचा जीव टांगणीला असतो."

फिदांका चीज भरलेल्या बानित्साचं ताट घेऊन अंगणात आली. "माझं नाव कशाला घेतोस? इतकं डोकं लग्नाला लावलं असतंस, तर आज घरात सून असती!"

स्पासने भंगारातल्या एका गाडीच्या पुढच्या चाकांच्या डिस्क आणि त्यांना आवळून धरणारे कॅलिपर आणले होते. दोन दिवस खपून त्याने ते मागे बसवले, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. जीप ओढ्यातून नेऊन उतारावर ब्रेक दाबून पाहिले, तर ती जागच्या जागी उभी राहिली. म्हातारा पहिल्यांदाच हसला.

"फक्त एक लक्षात ठेवा," स्पास म्हणाला. "हे पुढच्या चाकांचे कॅलिपर, यांना हँडब्रेक जोडता येत नाही. दांडा वर येईल, पण चाकं धरणार नाहीत. गाडी उभी केली की गिअरमध्ये टाका, चाकाला धोंडा लावा. हँडब्रेकवाले दुसरे कॅलिपर मिळाले की पुढचं बघतो."

"शिकव बापाला," स्तोइल म्हणाला.

दुसरे कॅलिपर मिळाले नाहीत. खरं तर गॅरेजच्या धबडग्यात स्पासने ते फारसे शोधलेही नाहीत.

जुलैत शेजाऱ्याचा फोन आला. कुरणाचं फाटक उघडायला स्तोइल खाली उतरला होता, फिदांका आतच बसून होती. जीप मागे सरकली आणि कलंडून ओहोळात पडली.

इस्पितळात जाण्याआधी स्पासला वाटेत ती जीप दिसली. तो खाली उतरला. हँडब्रेकचा दांडा पार वर ओढलेला होता. गिअर न्यूट्रलमध्ये. बापाच्या हाताने आयुष्यभराची सवय पाळली होती.

फिदांकाचं खुब्याचं हाड मोडलं होतं. खाटेशेजारी स्तोइल टोपी चुरगाळत बसला होता. स्पास आत येताच त्याने मान वर केली.

"माझा गुडघा लागला त्या गिअरला," फिदांकाच म्हणाली. "पाय आखडला होता. हलवायला गेले आणि निसटला तो. यांनी सगळं नीट केलं होतं."

बापलेक दोघांनाही ते खोटं आहे हे ठाऊक होतं. स्तोइल उठून व्हरांड्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. स्पास त्याच्या मागोमाग गेला. "चूक माझी आहे, बाबा," असं म्हणायचं त्याने ठरवलं होतं. पण तसं म्हटलं तर आईचं म्हणणं खोटं पडणार होतं. म्हणून त्याने विचारलं, "कॉफी आणू?"

"आण."

फिदांका पुढे काठी घेऊन अंगणापर्यंतच चालू शकली. कुरणातलं गवत त्या वर्षी कापलंच नाही. स्पास दर रविवारी यायचा, सरपण फोडायचा, आईच्या हातचं जेवायचा. बापलेक हवेबद्दल बोलत, शेजाऱ्याच्या गाईबद्दल बोलत, आणि अंधार पडण्याआधी तो शेवटची बस पकडायचा.