मीठ लावलेला रानदाणा

संशोधन केंद्राच्या संचालकपदावर आमच्या विभागप्रमुखांचा डोळा होता. निवड समितीपुढे काहीतरी दणदणीत शोध मांडायला हवा, म्हणून साहेबांनी रानभुईमूग धरला. त्याचे दाणे बारीक आणि शेंगा मातीत कुठेही विखुरलेल्या. हंगामभर उकरून जेमतेम वाटीभर जमले. त्यात तेल किती, प्रथिनं किती, क्षार किती, हे काढायचं काम साहेबांच्या मेहुणीकडे आलं. ती आमची रसायनतज्ज्ञ.

बाईंनी दाणे दळले, तेल काढलं, राख करून तपासली. तेल बरं निघालं, प्रथिनं चांगली निघाली आणि मीठ निघालं ते समुद्राने मान खाली घालावी इतकं.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. दाणे सोलताना साहेब शेजारी बसून खारे शेंगदाणे चघळत होते आणि त्याच हाताने नमुना चाळत होते. पुडीच्या तळाचा चुराही त्यांनी वाटीतच झटकला होता.

"भावजी, हे मीठ दाण्याचं नाही, तुमच्या बोटांचं आहे," बाई म्हणाल्या.

पण तोवर साहेबांनी गावभर सांगून टाकलं होतं की निसर्गाने हा दाणा मीठ लावूनच पाठवलाय. परत तपासायला दाणे उरले नव्हते. शोभेला म्हणून काचेच्या बशीत ठेवलेला तेवढा एक होता.

समितीचे अध्यक्ष खवट म्हातारे होते. आकडे बघून त्यांनी बशी साहेबांपुढे सरकवली आणि चव घेऊन सांगा म्हणाले.

अहवाल घेऊन सोबत आलेली मेहुणी घाईने साहेबांच्या कानाशी वाकली. "भावजी, नका. कीड लागू नये म्हणून मी त्याला एरंडेल चोळलंय. चांगलं दोनदा."

साहेबांनी एकदा दाण्याकडे पाहिलं, एकदा संचालकाच्या रिकाम्या खुर्चीकडे, आणि दाणा तोंडात टाकला. चावला. डोळे पाणावले, कान लाल झाले, पण हसू जागचं हललं नाही.

"खारट," ते म्हणाले.

आता खोटं ठरवायचं तर कुणीतरी पुन्हा हंगामभर माती उकरायला हवी होती. समितीत तेवढा उत्साह कुणालाच नव्हता. नेमणूक झाली. सही करताना अध्यक्ष शेजारच्याला म्हणाले, "काहीही गिळून हसता येतं याला. आपल्याला दुसरं काय हवंय?"

नवे संचालक आभाराचं भाषण अर्धवट सोडून घाईघाईने बाहेर पळाले.