व्याह्यांनी पाहिलेली चोच

दातांच्या डॉक्टरांना चिखलात वावरणाऱ्या पक्ष्यांचं वेड होतं, आणि त्यांच्या व्याह्यांना, म्हणजे लेकीच्या सासऱ्यांना, डॉक्टरांना खूश ठेवायचं. लग्न नुकतंच झालं होतं. दोन्ही घरं अजून एकमेकांशी इतकं गोड बोलत होती की ऐकणाऱ्याचे दात किडावेत. व्याह्यांचं चपलांचं दुकान. पक्ष्यांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, तरी केवळ सोबत म्हणून त्यांनी तिपाईवरची भलीमोठी दुर्बीण घेतली आणि रविवारी सकाळी डॉक्टरांबरोबर पाणथळीच्या अभयारण्यात हजर झाले.

पक्षी बघायच्या लाकडी खोलीत दाटी होती. समोर ओहोटीने उघडा पडलेला चिखल, आणि त्यावर टोचत फिरणारे असंख्य तुतवार. सगळे चिमणीएवढे, सगळे करडे.

"गोड आहेत हो पिल्लं," व्याही म्हणाले.

"मोठेच आहेत ते," डॉक्टर शक्य तितक्या मायेने म्हणाले.

तेवढ्यात डॉक्टरांना त्यांच्या गळ्यातल्या जुन्या दुर्बिणीतून एक पक्षी वेगळा वाटला. बाकीचे टोचत होते. हा चोच खाली धरून डावी-उजवीकडे हलवत होता, फरशी पुसावी तशी. चमचचोच! जगात मूठभर उरलेला पक्षी! पण चोचीचं टोक खरंच चमच्यासारखं चपटं आहे, की नुसता चिखल चिकटलाय, ते कळेना.

"व्याहीबुवा, जरा तुमची दुर्बीण..."

"अहो, तुमचीच समजा!"

डॉक्टरांनी डोळा लावला. पक्ष्याने मान वर केली. टोकाला चमचा, अगदी स्पष्ट.

"चमचचोच!" डॉक्टर ओरडले. खोलीत एकच गडबड उडाली. कॅमेरे वर झाले, "कुठे, कुठे?" सुरू झालं. एवढ्यात डॉक्टरांना शिष्टाचार आठवला. "या, आधी तुम्ही बघा."

"छे छे! तुम्ही शोधलात, तुम्ही मन भरून बघा."

"दुर्बीण तुमची आहे."

"पण पक्षी तुमचा आहे!"

दोघेही एकाच वेळी अदबीने मागे सरकले, व्याह्यांचा पाय तिपाईत अडकला आणि दुर्बीण आभाळाकडे तोंड करून उभी राहिली. ती खाली आणेपर्यंत वरून ससाणा झेपावला. सगळा थवा धुरासारखा उठला, दोनदा वळला आणि समुद्राकडे गेला तो गेलाच. फोटो एकालाही मिळाला नव्हता.

अभयारण्याच्या अधिकारी बाई आल्या. "डॉक्टरांशिवाय आणखी कोणी पाहिला?"

एकाचाही हात वर झाला नाही. डॉक्टरांचा चेहरा पडला. तो व्याह्यांना बघवेना.

"मी पाहिला!" ते छाती काढून म्हणाले.

"चोच कशी होती?"

"चोच ना? लांबलचक. पुढे बाकदार. कात्रीसारखी उघडझाप करत होती."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. बाईंनी डॉक्टरांकडे अशा सहानुभूतीने पाहिलं, की त्यापेक्षा त्यांनी कानाखाली दिलेली परवडली असती.

गाडीत बसताच डॉक्टरांचा बांध फुटला. "चमचचोच म्हणून बोंबललो होतो मी! नावातच चमचा आहे! कात्री कुठून आणलीत?"

"घाईत जे सुचलं ते बोललो! आणि तुम्हीच 'या, या' करत बसलात. डोळा लावून गप्प बसायचं होतं!"

"तुमचा पाय आधी आवरा!"

"पाय माझा, पण मला मागे ढकललं कोणी?"

अशी जुंपली ती घर येईपर्यंत. गोड बोलण्याचा सगळा साठा वाटेतच संपला. संध्याकाळी लेकीचा घाबराघुबरा फोन आला. "बाबा, तुम्ही माझ्या सासऱ्यांना 'नालायक' म्हणालात?"

"म्हणालो. त्यांनी मला 'दातकोरणं' म्हटलं. का, रागावलेत?"

"छे! केव्हापासून एकटेच हसत बसलेत. पुढच्या रविवारी भरती-ओहोटीच्या वेळा काय, ते विचारायला सांगितलंय."

डॉक्टरांना एकदम हलकं वाटलं. "सांग त्यांना, पहाटेची ओहोटी आहे," ते म्हणाले. "आणि म्हणावं, या वेळी दुर्बिणीला आधी डोळा मी लावणार. बोलावल्याशिवाय जवळ यायचं नाही."