घरच्या किटल्या

कंपनीत त्यांना तोंडावर 'मॅडम' आणि पाठीमागे 'नीतीबाई' म्हणत. विजेच्या किटल्या बनवणाऱ्या कारखान्यात सचोटी शिकवायला बाई नेमली, याचं आधी सगळ्यांना हसूच आलं होतं. पण बाईंचं बोलणं असं रसाळ, की पॅकिंगची माणसं जेवणाची सुट्टी सोडून ऐकायला बसत. कर्तव्य म्हणजे काय, जास्तीत जास्त लोकांचं भलं म्हणजे काय, हे त्या गोष्टीवेल्हाळपणे समजावत आणि शेवटी आपली ठरलेली कसोटी सांगत: "बनवलेली वस्तू स्वतःच्या घरी ठेवाल का? ठेवाल, तरच बाजारात पाठवा." कंपनीनं ते वाक्य रंगवून दाराशीच लावलं होतं.

त्या दिवशी मोठ्या साहेबांनी बंद दाराआड मोजक्या माणसांना बोलावलं. दुरुस्तीला आलेल्या निळ्या किटल्या टेबलावर मांडल्या होत्या. मुठीचा जोड तापून तापून सैल व्हायचा आणि उकळत्या पाण्यानं भरलेली किटली उचलली, की नुसती मूठ हातात यायची. सगळ्यांच्या नाही, थोड्यांच्या. आता विकलेला माल परत बोलवायचा, की गुपचूप पुढच्या मालात जोड बदलायचा?

"मॅडम, तुम्ही आमची सदसद्विवेकबुद्धी," साहेब म्हणाले. "बोला."

नीतीबाई बोलल्या आणि फार छान बोलल्या, हेच वाईट झालं. माल परत बोलावला तर कारखाना बुडेल, कितीतरी घरांच्या चुली विझतील. एका पारड्यात थोड्यांचा धोका, दुसऱ्यात सगळ्यांचं पोट; बघा कुठलं जड होतं ते. साहेबांनी सुस्कारा सोडला. विक्रीवाल्यानं तर हातच जोडले. बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

संध्याकाळी ते उतरलं. घरी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं, तर ओट्यावर निळी किटली. पारडी नाहीत, तराजू नाही. बाईंनी ती मुकाट्यानं पिशवीत घातली. मग धाकट्या बहिणीची आठवण झाली. तिला हीच किटली त्यांनीच आणून दिली होती. वाटेत वेगळ्या जोडाची पांढरी किटली विकत घेऊन त्यांनी बहिणीचं घर गाठलं.

"अगं ताई, ती मी खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला देऊन टाकली," बहीण म्हणाली. "तिला बाळ झालंय ना, सारखं गरम पाणी लागतं. तुझ्या कंपनीची म्हटल्यावर तिनं डोळे झाकून घेतली."

बाई तशाच खाली धावल्या.

खालचं दार उघडलं, तेव्हा बाळाच्या आईच्या एका कडेवर बाळ होतं आणि दुसऱ्या हातात तीच निळी किटली.

"कंपनीकडून बदलून देतोय," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "जुनी द्या, नवी घ्या."

"अय्या, किती चांगली हो तुमची कंपनी!" ती हरखून गेली. मग थबकली. "माझ्या वहिनीकडेही निळीच आहे. काही बिघडलंय का त्यात?"

"छे! रंग नवा आलाय, एवढंच."

जिना उतरताना बाईंना स्वतःचाच वर्ग आठवला. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' ही म्हण त्यांनी वर्गात कितीदा हशा पिकवत सांगितली होती! आता हसू येत नव्हतं. लाज वाटत होती, नुसती लाज.

सकाळी दोन्ही किटल्या कुणाच्या नकळत भंगारात टाकायच्या, म्हणून त्या कारखान्याच्या मागच्या अंगाला गेल्या. भंगाराच्या पेटीचं झाकण उचललं, तर आत आधीच निळ्या किटल्या. नापास मालातल्या नव्हेत, वापरलेल्या. एकीच्या तळाशी पाण्याचा पांढरा थर चढलेला. एकीवर वाघाचं चित्र चिकटवलेलं. विक्रीवाल्याची लेक त्याच्या जेवणाच्या डब्यावरही तेच वाघ चिकटवायची. आणि एकीला लोकरीचं विणलेलं झबलं. ते साहेबांच्या बायकोनं विणलं होतं, साहेबांनी कौतुकानं सगळ्यांना दाखवलंही होतं.

आपण एकट्या नाही, म्हणून बाईंना क्षणभर हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची तर जास्तच लाज वाटली. त्यांनी आपल्या दोन्ही किटल्याही आत ठेवल्या, पेटी उचलली आणि सरळ साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"काल बैठकीत आपलं एकमत झालं होतं, साहेब. हे आपलं दुसरं मत. भंगारात सापडलं."

साहेबांनी झबल्याकडे पाहिलं आणि नजर चोरली. "यात तुमचीही असेल, मॅडम."

"दोन आहेत. काल मी सगळ्यांना पारड्यात घातलं आणि माझी माणसं तेवढी अलगद काढून घेतली. माल परत बोलवा."

"आणि कारखाना बुडाला तर?"

"बुडेलही," बाई म्हणाल्या.

"बघू, विचार करतो," साहेब म्हणाले. त्यांचा विचार संपायची वाट बघत बाई थांबल्या नाहीत. त्या तशाच बाळाच्या आईच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"वहिनीला आत्ताच्या आत्ता फोन करा. निळी वापरू नका म्हणावं, मूठ निसटते. मला हे काल माहीत होतं."

तिनं फोन लावला. पलीकडे कितीतरी वेळ कुणी उचलेना. अखेर वहिनीचा आवाज आला, खणखणीत, हसरा.

"वहिनी, आधी ती निळी किटली बाजूला ठेव," ती एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. ती ओरडली असती, तर बाईंना बरं वाटलं असतं. ती शांतपणे आत गेली आणि कालची पांढरी किटली आणून तिनं बाईंच्या हातात दिली.

"अहो, ही चांगली आहे," बाई म्हणाल्या. "खरंच."

"असेल," बाळाला थोपटत ती म्हणाली. "पण नसती, तरी तुम्ही असंच म्हणाला असतात ना?"