मोठ्यांचा हात

लुदिविना मावशी पक्की बेवडी. सकाळपासून माडी प्यायची, दुपारी पत्ते कुटायची, आणि एकदा तर मला कोंबड्यांच्या झुंजीच्या ठिकाणी विसरून एकटीच घरी आली. तिचे गोडवे मी गाणार नाही.

पण त्या वर्षी बोहोल बेटावरच्या आमच्या गावात संताचा सण होता, घर पाहुण्यांनी भरलं होतं. आमच्यात लहानांनी वाकून मोठ्यांचा हात आपल्या कपाळाला लावायचा. सावत्र बापानं हात पुढे केला. याच हातानं तो माझं डोकं पाण्याच्या पिंपात बुडवायचा. मी नऊ वर्षांची. जागची हललेच नाही.

"मोठ्यांचा मान ठेवायला कुणी शिकवलं नाही का गं?" तो सगळ्यांदेखत ओरडला.

मावशी हातातले पत्ते टाकून झोकांड्या खात आली. तिनं स्वतःचा हात त्याच्या नाकासमोर धरला. "मी तुझ्या बायकोची थोरली बहीण. चल, वाक आधी. आणि पोरीच्या डोक्याला परत हात लाव, मग बघ."

पाहुणे बघत राहिले. तो वाकला. त्याचं टक्कल मला पहिल्यांदाच दिसलं.

मी मात्र त्याच्यापुढे वाकले नाही. आजतागायत नाही.