निर्जळी

“उपासाला काय खाता?” रंजनीनं विचारलं, तेव्हा अलकनंदेला जरा हुरूप आला. तासभर चाललेल्या चौकशीत अभिमानानं सांगावं असं पहिल्यांदाच काही विचारलं गेलं होतं.

“सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादश्या, संकष्टी. बावीस वर्षांत एकही मोडलेला नाही.”

“ते कळलं, मॅडम. खाता काय?”

“काही नाही हो. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वऱ्याचे तांदूळ. संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू. फार तर दोन.”

रंजनीचं पेन थांबलं. इस्पितळाच्या अवयवदान विभागात दात्यांच्या फायली ती सांभाळायची. “साबुदाणा म्हणजे जव्वरिसी ना? उपवासाला? आमच्याकडे त्याचं पायसम करतात. लग्नात.”

शेजारच्या खुर्चीत बसलेला रत्नाकर फिसकन हसला. “लिहा मॅडम, लिहा. आमच्या ताईचं वजन देवानं वाढवलंय.”

“गप रे,” अलकनंदा म्हणाली. पण तीही हसली. भाऊ हसला की तिला हसायलाच यायचं.

रत्नाकर बेचाळीस वर्षांचा. ओरगडमच्या ट्रक कारखान्यात होता. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हापासून कंपनीची बस सुटली आणि आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसची खुर्ची मागे लागली. बायको विद्यालक्ष्मी स्वतःचं मूत्रपिंड द्यायला निघाली होती, पण तिला मधुमेह. उरली थोरली बहीण. अलकनंदा एकोणपन्नास वर्षांची, लग्न न केलेली, पेरांबूरच्या रेल्वे कचेरीत रजा विभागात कारकून. आई गेली तेव्हा रत्नाकर अकरा वर्षांचा होता. तिनंच त्याला मिरजेहून इथे चेन्नईला आणून शिकवलं होतं. रक्तगट जुळला. सगळं जुळलं. आडवं आलं ते वजन. पाच फूट एक इंच उंची आणि एकशे तीन किलो. डॉक्टर म्हणाले, अशा शरीरातून मूत्रपिंड काढणं धोक्याचं आहे, आम्ही काढणार नाही. निदान तीस किलो उतरवा.

“किती वेळ आहे?” तिनं विचारलं होतं.

डॉक्टरांनी रत्नाकरकडे एकदा बघून घेतलं होतं. तेवढ्यावर तिनं पोटाच्या शस्त्रक्रियेच्या कागदावर सही केली. तीन चतुर्थांश जठर कापून टाकायचं होतं.

आधी पंधरा दिवस नुसतं पातळ. कचेरीतल्या बायका म्हणाल्या, अगंबाई, कसं जमणार! तिनं रोज सकाळी देवापुढे दिवा लावला, हातावर पाणी घेतलं, भावाचं नाव घेतलं आणि पंधरा दिवस पार पाडले. रजेचा अर्ज पाहून राममूर्ती साहेब म्हणाले, “मॅडम, पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या रजा लिहिल्यात. आता स्वतःची जरा घ्या.”

मार्गशीर्षात शस्त्रक्रिया झाली. विद्यालक्ष्मीनं तिला आपल्याच घरी नेलं. ती तंजावरकडची, तिची मराठी जुन्या पोथीतल्यासारखी, आणि हेल सगळा तमिळ. औषधाच्या इवल्या कपातून ती नणंदेला घोट घोट पाणी पाजायची. दिवसाकाठी दोन लिटर पोटात जायलाच हवं होतं, आणि पोट तर आता केळ्याएवढं. दोन घोट घेतले की छातीत कळ यायची.

“घे मा अक्का, अजून एक. रागवू नको.”

समोरच्या पलंगावर रत्नाकर एक लिटरची बाटली घेऊन बसलेला. त्याला दिवसाला तेवढंच पाणी. सांबार, कॉफी, गोळ्या गिळायचं पाणी, सगळं त्यातच. चेन्नईच्या उकाड्यात तो बर्फाचा खडा गालात धरून बसायचा.

“देवाचा कारभार बघ ताई. तुला पाणी जात नाही तर पाजतात, मला हवं तर देत नाहीत. विद्या, आमच्या दोघांची पत्रिका उलटी लिहिलीय बहुतेक.”

“उलटं डोकं तुमचं,” विद्यालक्ष्मी म्हणायची. पण नवऱ्यासमोर ती स्वतः कधी पाणी प्यायची नाही. आत जाऊन प्यायची.

वजन उतरू लागलं. ब्लाउज दोनदा उसवून शिवावे लागले. केस मूठ मूठ गळले, चेहरा सुकला, आणि लोक म्हणू लागले, किती छान दिसता! तिला त्याचं काही नव्हतं. दर महिन्याला ती काट्यावर उभी राहायची आणि रत्नाकर आकडा मोठ्यानं वाचायचा. शहाऐंशी. एकोणऐंशी. ज्येष्ठात काटा बहात्तरवर आला. आषाढात, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, प्रत्यारोपण करायचं ठरलं. अखेरच्या तपासण्या तेवढ्या बाकी होत्या.

एकच गोष्ट तिला आतून पोखरत होती. रंजनीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, वर्षभर उपवास नाही, एकही नाही. तिनं मान डोलावली होती आणि शब्द पाळला होता. सोमवारी सकाळी विद्यालक्ष्मीच्या हातची नाचणीची कंजी पिताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. बरं, चोरून उपास करावा तर भूकच राहिली नव्हती. शस्त्रक्रियेनंतर ती कुठे गेली कुणास ठाऊक. घड्याळ लावून खायचं, जणू दुसऱ्याच्या पोटात घालतोय. ज्याला भूकच नाही त्यानं अन्न सोडलं, तर देवाला दिलं काय? भावाला जगव म्हणून मागणं तर रोज चाललेलं, आणि ओंजळ रिकामी.

तहान मात्र होती.

ज्येष्ठातली शुद्ध एकादशी भीमाची. भीमाला भूक आवरायची नाही, म्हणून व्यासांनी त्याला सांगितलं की वर्षातून ही एकच कर, पण पाण्याचा थेंबही घेऊ नकोस; सगळ्या एकादश्यांचं पुण्य तुला मिळेल. आई ही कथा दरवर्षी सांगायची. अलकनंदेनं मनात हिशेब मांडला, आणि तो तिला चोख वाटला. इतके महिने सगळे उपास सोडले, ही एक करू. रत्नाकर रोज जी तहान काढतो ती एक दिवस आपण काढू. देव एवढं तरी बघेल.

तेव्हा ती आपल्या पेरांबूरच्या खोलीवर राहायला परतली होती. विचारायला कुणी नव्हतं.

दिवसभर कचेरीत वाऱ्याची झुळूक नव्हती. दुपारी जीभ टाळूला चिकटली तेव्हा तिला बरं वाटलं. खरंच सांगायचं तर, कितीतरी महिन्यांनी देवाशी बोलणं झाल्यासारखं वाटलं. द्वादशीला सकाळी अंघोळ करून ती दारात रांगोळी काढायला बसली. पारणं त्यानंतर. चार ठिपके काढले आणि उंबरठ्यावरच ती कलंडली.

शेजाऱ्यांनी इस्पितळात नेलं. हाताला सलाइन लावलं. रंजनी फाइल घेऊन आली तेव्हा तिचा चेहराच सांगत होता.

“क्रिएटिनिन तिपटीनं वाढलंय. मूत्रपिंडांना धक्का बसलाय, मॅडम. काय झालं होतं?”

“उलट्या झाल्या,” अलकनंदा म्हणाली. “पाणी पोटात राहिलं नाही.”

रंजनीनं तसं लिहिलं. मूत्रपिंडं सावरतील, पण दाता म्हणून आता तीन महिने थांबावं लागेल, असं डॉक्टर सांगून गेले. विद्यालक्ष्मी भिंतीला टेकून उभी होती. “असू दे मा,” ती म्हणाली. “तू बरी हो. तीन महिने काय, जातील.”

दुसऱ्या दिवशी रत्नाकर डायलिसिस आटोपून एकटाच आला. हाताला ताजी पट्टी. स्टूल ओढून तिच्या उशाशी बसला.

“ताई, परवा भीमाची होती ना?”

तिनं सलाइन लावलेला हात पांघरुणाखाली घेतला.

“आई दरवर्षी सांगायची. मला त्या कथेतला भीम फार आवडायचा.”

“रतन, मी...”

“रडू नकोस. रडून पाणी जातं, तुला परवडणार नाही.” तो हसायला गेला, पण ते ओठांवर नीट बसलं नाही. “एक ऐक. विद्याला सांगू नकोस. मला काही झालं तर तिला तूच आहेस. तिला तुझा राग यायला नको.”

“तुला नाही आला?”

त्यानं खिडकीबाहेर बघितलं. “आला,” तो म्हणाला. “काल दिवसभर होता. आता डायलिसिस करून आलो, तर दमलोय.”

मग त्यानं तिच्या उशाचा कप उचलला आणि तिच्या ओठांना लावला.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी, डायलिसिसच्या खुर्चीतच, रत्नाकरचं हृदय थांबलं. शेजारच्या खुर्चीतला माणूस त्याला काहीतरी सांगत होता. त्याला वाटलं, झोप लागली.

तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला विद्यालक्ष्मी नणंदेचा हात धरून सांगत होती, “अस्के म्हणतात, सगळेच म्हणतात, बहीण बहीण. हिनं भावासाठी पोट कापून घेतलं हो. ह्यापेक्षा कोण काय करील?” माणसं हात जोडायची. अलकनंदा खाली मान घालून ऐकायची. केळ्याएवढ्या त्या पोटात एक घोटही ठरत नव्हता, आणि विद्यालक्ष्मी दर तासाला कप घेऊन समोर यायचीच.

सप्टेंबरात इस्पितळातून फोन आला. तीन महिने भरले होते. फाइल बंद करायची, दोघींच्या सह्या हव्यात. दोघी रिक्षा करून गेल्या आणि ती फाटकाशी थांबवून ठेवली. रंजनी उठून उभी राहिली, तिनं विद्यालक्ष्मीचे हात हातात घेतले. मग अलकनंदेकडे वळली.

“तुम्ही करता येईल तेवढं सगळं केलंत, मॅडम. मी इतक्या फायली पाहते. असा दाता बघितला नाही.”

“तेच सांगते मी हिला,” विद्यालक्ष्मी म्हणाली. “मनाला लावून घेतलंय हिनं. उलट्या झाल्या, त्याला कोण काय करणार?”

रंजनीनं फाइल उघडून शेवटचं पान पुढे केलं. वर जूनची नोंद होती. विलंबाचं कारण: उलट्या, पाणी कमी पडले. खाली दात्याच्या सहीची जागा, तिच्याखाली रुग्णाच्या वारसाची.

अलकनंदेनं पेन घेतलं. पंचवीस वर्षं ती कागदांत बसली होती. कचेरीत चुकीची नोंद कधी खोडत नसत, कागद फाडत नसत. एक आडवी रेघ मारायची, अशी की खालचं वाचता यावं. वर खरं ते लिहायचं. बाजूला सही आणि तारीख. नव्या पोरांना हे शिकवताना तिचा आवाज कडक व्हायचा.

रत्नाकरनं सांगितलेलं तिला आठवत होतं. शब्द न् शब्द आठवत होता. तिनं विद्यालक्ष्मीकडे बघितलं. ती पदरानं डोळे पुसत, आपली पाळी येण्याची वाट बघत होती.

तिनं रेघ मारली. आणि वर, कचेरीच्या स्वच्छ इंग्रजीत, लिहिलं: दात्याने स्वतःहून चोवीस तास पाणी घेतले नाही. एकादशीचा उपवास. बाजूला सही केली, तारीख घातली, आणि पान विद्यालक्ष्मीपुढे सरकवलं.

विद्यालक्ष्मीनं सही करायला पेन टेकवलं आणि थांबली. ओळ वाचली. परत वाचली. रंजनीनं वाकून बघितलं आणि ती हळूच मागे सरली.

“ह्यांना ठाऊक होतं?” विद्यालक्ष्मीनं विचारलं. मान वर न करता.

“होय.”

“कधी?”

“दुसऱ्याच दिवशी.”

विद्यालक्ष्मीनं आपली तमिळ सही केली, एकेक अक्षर सुटं, शाळेतल्या मुलीसारखं. पेनाला टोपण लावलं. पिशवी उचलली आणि कुणाकडेही न बघता ती बाहेर निघून गेली.

अलकनंदा बसून राहिली. बऱ्याच वेळानं तिनं रंजनीला नमस्कार केला आणि जिना उतरली. एकेक पायरी. घरी कसं जायचं, कोणती बस, याचा विचार तिनं सुरू केला होता.

फाटकापाशी रिक्षा उभी होती. विद्यालक्ष्मी आत, पार पलीकडच्या कडेला, तोंड दुसरीकडे फिरवून बसली होती. रिक्षावाला वैतागून मागे वळून विचारत होता, “पोलामा, अम्मा? निघायचं का?”

ती जा म्हणत नव्हती, थांब म्हणत नव्हती.

रिक्षा उभी होती.