मागच्या दारातले बैल

देवणीच्या बाजारादिवशी पाशामियाँच्या टॉकीजात सिनेमा आत चालायचा आणि घुंगरं बाहेर वाजायची. बैल विकायला आणलेला माणूस त्याला नजरेआड करून खुर्चीत बसतोय होय? म्हणून मागच्या दाराबाहेरच्या बोळात पाशामियाँनी स्वतः भिंतीला कड्या ठोकून दिल्या होत्या. दार उघडं, बैल तिथंच बांधलेले. घुंगरं वाजत राहिली की मालक निवांत. पडद्यावर नदी आली की वाटायचं, बैल तिच्यातच पाणी पितायत.

नेमके अशाच एका बाजारादिवशी लातुराहून परवान्याचे साहेब तपासणीला आले, शेषेराव. मागच्या दारात वाकून बघायला गेले, तर एका बैलानं शेपटीनं त्यांचा चष्माच उडवला. झालं! साहेबांचं टाळकं सरकलं.

"आग लागली तर माणसं कुठून पळतील? बैलाच्या पोटाखालून? हा खेळ संपला की टॉकीजला कुलूप! कायमचं!"

आता साहेबांचं चुकलं कुठं? बोळ मोकळा ठेवायचा ही परवान्यातलीच अट. पाशामियाँ मान खाली घालून म्हणाले, "हाव साहेब, चूक झाली." बैल पुढच्या लिंबाखाली न्यायला लावले आणि शेवटच्या रांगेत येऊन बसले. शेजारी जाहिदा, त्यांची बायको. तिकिटाची खिडकी बंद करून ती नुकतीच आत आली होती.

"काय म्हणले साहेब?"

"आखरी खेळ हाय हा."

जाहिदाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पूर्वी कंधारला त्यांचं टॉकीज होतं. तिथंही एक साहेब असेच कडाडले होते, तुटक्या खुर्च्यांवरून. साहेबाचा शब्द म्हणजे हुकूम! पाशामियाँनी त्याच संध्याकाळी कुलूप लावलं आणि बिऱ्हाड उचलून इकडं आले. आता इथूनही उठायचं, तर जायचं कुठं?

उजेडाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती. घुंगरं आता लांबून, लिंबाखालून येत होती. पाशामियाँचे डोळे जड झाले. त्यांना वाटलं, आपण कंधारातच बसलोय, किल्ल्याकडून वारा येतोय, जाहिदा नव्या नवरीसारखी पदराआड हसतेय. पडद्यावरची गाडी कच्च्या रस्त्यानं जात राहिली. ती कुठं पोचूच नये, असं त्यांना फार वाटलं.

पण गाडी पोचली. दिवे लागले. साहेब पहिल्या रांगेतून उठले, तसं पाशामियाँनी पुढं जाऊन त्यांच्या हातात कुलूप-किल्ली ठेवली.

"तुम्हीच लावा साहेब. माझा हात उठंना."

साहेब त्या कुलपाकडं बघतच राहिले. लोकही थांबले.

"अहो मियाँ, मी कसं लावणार?"

"तुम्हीच म्हणलात की."

"रागात बोललो हो!" साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "माझं काम अहवाल पाठवायचं. मग नोटीस येईल, वरचे साहेब तुमचं म्हणणं ऐकून घेतील. दंड करायचा तर कोर्ट करील. तोवर टॉकीज चालू. बोळ मोकळा केलात, तेही लिहितो मी. नुसत्या तोंडानं कुलूप ठोकायला मी काय निजाम हाय?"

लोकांनी शिट्ट्या मारल्या. पाशामियाँ मात्र हसले नाहीत. त्यांनी कुलूप परत घेतलं आणि हळूच विचारलं, "असं नुसतं बोलून बंद कराया कोणत्याच साहेबाला येत न्हाई?"

"ऐकून घेतल्याबिगर? न्हाई."

पाशामियाँ जाहिदाकडं वळले. "मग कंधारचं?"

"ते आपणच लावलं," ती म्हणाली. "किल्ली अजून माझ्या पेटीत हाय."

"अहो, मग जाऊन उघडा की!" साहेब हुरूप येऊन म्हणाले.

जाहिदानं पदरानं डोळे पुसले. "काय उघडू साहेब? तिथं आता दारच न्हाई."