खापरावर लावलेली धार

किरणला ते काम कोणी सांगितलं नव्हतं. तेच तर दुखणं! सांगितलेलं काम त्याच्या हातून कधी वेळेवर झालं नाही, आणि न सांगितलेलं त्याने आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, भर दुपारी, अगदी मन लावून केलं.

ही आखाजी साधी नव्हती. त्याचे वडील, प्रेमराज आबा, हिवाळ्यात धुळ्याच्या दवाखान्यात वारले, त्यानंतरची ही पहिली. शिंदखेड्याकडच्या त्यांच्या गावात अशा घरी मेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, पुरणाचे मांडे करतात आणि निखाऱ्यावर त्याचा घास ठेवतात. ही आगारी. ती जळाली की माणूस जेवला, असं समजायचं. तोवर घरात कोणी काही खायचं नाही. किरणची माय यशोदाबाई होळी झाल्यापासून या एकाच दिवसाच्या मागे लागली होती. नवऱ्याला शेवटचा घास तिच्या हातून गेला नव्हता. हा तरी जावा, एवढंच तिला हवं होतं.

बहीण दीपमाला भडगावहून माहेरी आलेली. ती गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, चिरायला बसली तर सुरी सालीवरून घसरायला लागली.

"ही सुरी शे का उलथनं?" ती करवादली.

सायकलवर चाक फिरवत येणारा धारवाला गावात कधीचा फिरकला नव्हता. "दे इकडे," किरण म्हणाला. धुळ्यात नोकरी करून गडी एक गोष्ट पक्की शिकला होता: मोबाइलमध्ये बघितलं की आपल्याला काहीही येतं.

मोबाइलमधला माणूस सांगत होता, चिनी मातीचा कप पालथा घाला, बुडाची कड खरबरीत असते, तिच्यावर सुरी घासा. आता यांच्या घरात सगळे कप स्टीलचे. कान तुटलेला एक चिनी मातीचा सापडला, तो हातातून निसटून फुटला. मग पायरीवर घासून पाहिलं. पायरीला नवी गुळगुळीत फरशी, सुरी तिच्यावर नुसतीच किरकिरली. काहीच नसेल तर मातीच्या कुंडीचं बूड चालेल, असंही त्या माणसाने सांगितलं. कुंड्या प्लास्टिकच्या निघाल्या. तेव्हा किरणची नजर पडवीत गेली. तिथे माय उद्यासाठी खापर काढून, पुसून, पालथं ठेवून गेली होती.

अरे, खापर ते! मांडे भाजायचं मातीचं भांडं. चुलीवर पालथं घालायचं आणि त्याच्या पाठीवर मांडा टाकायचा. यशोदाबाईने लग्न होऊन आल्यापासून त्याच एका खापरावर मांडे भाजलेले. भाजून भाजून त्याची पाठ अशी काळी तुळतुळीत झालेली की मांडा हाताने नुसता उचलला तरी सुटून यायचा. पण खाणाऱ्याला भाजणाऱ्याचं काय ठाऊक? किरणने आयुष्यभर ताटातला मांडा तेवढा बघितला होता. त्याला ते मातीचं भांडं दिसलं. त्याने ते मांडीत घेतलं आणि त्याच्या पाठीवर सुरी घासायला लागला.

धार मात्र लागली बरं का! गंगाफळ लोण्यासारखं कापलं गेलं. "वा रे भाऊ," दीपमाला म्हणाली, आणि हा फुशारला.

खापराच्या काळ्या पाठीवर तांबडे ओरखडे उठले होते. माय ओरडेल म्हणून त्याने फडकं तेलात बुडवून ते चोळले. ओरखडे दिसेनासे झाले. झालं, मिटलं, असं त्याला वाटलं.

सकाळी परसात चूल पेटली. यशोदाबाईने पहिला मांडा दोन्ही हातांवर झुलवत, कोपरापर्यंत वाढवत नेला आणि खापरावर टाकला. वास सुटला. ती उचलायला गेली तर एका जागी मांडा धरूनच बसला. ओढला तर फाटला, पुरण खापरावर सांडलं आणि चर्र करून जळालं.

"पहिला शे, होतं असं," ती म्हणाली.

दुसरा फाटला. तिने खापर पुसलं, मिठाचं पाणी शिंपडलं, आच कमी केली. पुढचाही फाटला, त्याच जागी. किरण दारात उभा होता. ती जागा त्याने बरोबर ओळखली.

शेजारच्या बेबाबाई धुराकडे बघत आल्या. फाटक्या मांड्यांचा ढीग बघून त्यांचा चेहरा उतरला. "माझ्याकडले दोन घे यशोदा, आखे शेतस. दुसरं खापर कोठून आणशी? बठ्ठा गावना खापर आज चुलीवर शेतस."

"नको," यशोदाबाई म्हणाली. "त्यासले मन्हाच हातनं पाहिजे."

तिने पुन्हा पीठ घेतलं. ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. पुरण संपत आलं. शेवटचा मांडा तिने देवाचं नाव घेऊन टाकला, उचलला, आणि तोही फाटला. मग ती हात मांडीवर ठेवून बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"तुना आबा रागावेल शेतस," ती हळूच म्हणाली. "मन्हा हातनं खावानं नही त्यासले. मनी वाट देखत देखत गयात, मी पोचनू नही."

किरणला राहवलं नाही. तो धावत जाऊन सुरी घेऊन आला आणि तिच्यापुढे उकिडवा बसला.

"माय, आबा रागावलेले नाहीत गं. मी काल या खापरावर सुरी घासली. धार लावायला. म्हणून मांडा धरतोय. बघ, इथे बघ, इथे ओरखडे आहेत."

त्याने बोट दाखवलं. तिथे जळक्या पुरणाचा जाड काळा थर बसला होता. त्याने नखाने खरवडलं, बोट भाजलं, तरी खाली काळंच. दीपमालाही म्हणाली, "माय, खरंच, सुरीले धार लावी दिधी त्याने." पण कशावर घासली ते तिने कुठे बघितलं होतं?

यशोदाबाईने सुरीकडे बघितलंसुद्धा नाही. ती पोराच्या तोंडाकडे बघत होती.

"तवय बी तू असाच बोलना व्हता," ती म्हणाली.

ती कशाबद्दल बोलतेय ते किरणला कळलं. दवाखान्यातून त्याने तिला फोन केला होता तेव्हा संध्याकाळ होती आणि आबांच्या अंगावर चादर ओढून झाली होती. माय एकटी गाडीत रडत येईल, या काळजीने तो म्हणाला होता, "आबा झोपलेत, बरे आहेत. आता निघू नको, सकाळी ये." तिने विश्वास ठेवला. सकाळी न्यायला म्हणून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापून, बांधून ठेवल्या. सकाळी गाडी दारात आली ती आबांना घेऊन. नंतर त्याने किती सांगितलं, की तू निघाली असतीस तरी भेट झाली नसती, आबा आधीच गेले होते. तेही तिने समजूत म्हणूनच ऐकून घेतलं.

"माय, तेव्हा खोटं बोललो. आता नाही बोलत गं. शपथ घेतो. तुझी घेतो."

तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. हाताला पीठ होतं. या बाईला राग तरी यावा! दोन शिव्या घातल्या असत्या, फुंकणी मारली असती, तर किरणने पाय धरले असते. तिच्या डोळ्यांत त्याच्याबद्दल नुसती माया होती, आणि त्या मायेपुढे त्याचं काही चालेना.

"मन्हाकरता किती खोटं बोलशी रे भाऊ," ती म्हणाली. "राहू दे. मी सोसी लेसू."

मग तिने त्यातल्या त्यात मोठे तुकडे वेचून एकावर एक रचले, तूप सोडलं आणि निखाऱ्यावर ठेवले. धूर झाला. तुकडे जळाले, जळायचेच होते. तिने पदर पसरला आणि कपाळ जमिनीला लावून आबांना म्हणाली, "चुकनं मनं. माफ करा."

"माय, माझं चुकलं," किरण मागून म्हणाला. "माझं."

"हां बेटा," ती मान न वळवता म्हणाली, "आते जेवी ले."